दोन घरं करमुक्त झाली ती आयकरात, घरपट्टीत नव्हे

"केंद्र सरकारने बजेटमध्ये दोन घरांवरचा कर माफ केला आहे. जीएसटी आपण रोज भरतो. मुंबईत ५०० फुटांच्या घराला घरपट्टी नाही, कायदा सगळीकडे एकच आहे, मग सांगलीकरांनीच का भरायची? नोटीस आली तर फाडून टाका. सगळ्यांनी मिळून भरणं थांबवलं की माफ करावीच लागेल."

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पानंतर फिरू लागलेला हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला. एक भावकीचा, एक कॉलनीचा आणि एक दुकानदारांचा. घरपट्टीबद्दलचा राग मला कळतो. सांगलीच्या शामरावनगरात पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून ज्यांनी पोरांना शाळेत सोडलंय, त्यांना 'कर भरा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण हा मेसेज त्या रागाला भलत्याच दारात नेऊन उभा करतो आणि नुकसान होतं ते मेसेज पुढे पाठवणाऱ्याचं नव्हे, त्यावर विश्वास ठेवणाऱ्याचं. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी ते दोन घरांचं. हे अगदीच हवेतलं नाही, म्हणूनच ते पटतं. १ फेब्रुवारी २०२५ च्या भाषणात निर्मला सीतारामन यांनी दोन घरांबद्दल घोषणा केली होती, हे खरं. मात्र ती आयकराची होती. आयकर कायद्यात स्वतःच्या घराचं एक 'वार्षिक मूल्य' धरतात, म्हणजे घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती आलं असतं, तो हिशोब. स्वतः राहत असलेल्या घराचं हे मूल्य शून्य धरायची सवलत आधीपासून होती, पण तिला अटी होत्या. २०२५ मध्ये त्या अटी काढल्या आणि दोन घरांपर्यंत मूल्य शून्य धरायला मोकळीक दिली. एक घर सांगलीत आणि एक पुण्यात असलेल्या माणसाला रिटर्न भरताना दुसऱ्या घराचं न मिळालेलं भाडं उत्पन्नात दाखवावं लागणार नाही, एवढाच याचा अर्थ.

आता घरपट्टीचं बिल काढून बघा. तिथेही भाडेमूल्यच आहे! समजा घराचं वार्षिक भाडेमूल्य १२,००० रुपये धरलं, तर दुरुस्तीपोटी त्यातून १० टक्के वजा होतात आणि राहिलेल्या १०,८०० रुपयांना करयोग्य मूल्य म्हणतात. त्यावर कराचे टक्के लागतात. शब्द सारखे, कायदे वेगळे. गोंधळ इथे झाला असणार, आणि सामान्य माणसाला मी त्याबद्दल दोष देणार नाही. पण जमीन आणि इमारतींवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतला विषय आहे, नोंद ४९. केंद्राचा अर्थमंत्री कुणीही असो, लोकसभेतल्या बजेटच्या भाषणातून सांगलीची घरपट्टी माफ करू शकत नाही. उलट आयकर कायदाच घरपट्टी वेगळी मानतो. घर भाड्याने दिलं असेल, तर मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा करता येते. मेसेज ऐकून घरपट्टी थकवलेल्या घरमालकाची ही वजावटही त्या वर्षी गेली.

आणखी एक गोष्ट या मेसेजमध्ये नाही. केंद्राचा हात घरपट्टीत आहे, पण तो बरोबर उलट्या दिशेचा. केंद्राच्या करातला वाटा राज्यांना कसा द्यायचा हे सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी शहरांना अनुदान देताना अट घातली, की राज्यांनी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि राज्याचं सकल उत्पन्न ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने करवसुलीही वाढत जावी. ती नाही वाढली तर अनुदान अडायचं. गावोगाव फेरसर्वेक्षणं का निघतात, नव्या नोटिसा का येतात, याचं एक मोठं कारण इथे आहे. केंद्राने माफी दिली असं समजून आपण बसतो आणि वसुली वाढवण्याचा रेटा तिकडूनच आलेला असतो. अशी अट सांगली-मिरजेसारख्या शहरांना झेपेल का, यावर भांडायला हवं आणि त्या भांडणात मीही असेन. पण आधी ती अट लोकांना माहीत तरी हवी ना!

"जीएसटी भरतो, मग हा दुसरा कर कशाला?" जीएसटी केंद्र आणि राज्याचा, वस्तू आणि सेवांवरचा. घरपट्टी महापालिकेची. आपल्या गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांना जकात आठवत असेल, नंतरचा एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तर चांगलाच आठवत असेल. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरलाही संपला. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं. म्हणजे महापालिकेच्या हातात स्वतः बसवून स्वतः वसूल करायचा मोठा कर घरपट्टी हाच उरला. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर पेठांमधला गाळ उपसला तो आपल्या आणि बाहेरगावच्या पालिकांच्या सफाई कामगारांनी. ते पगार दिल्लीहून येत नाहीत. हां, बिलातला शिक्षण कर मात्र महापालिकेचा नव्हे. तो गोळा करून राज्याला द्यायचा असतो. बिल जड का वाटतं हे बघताना ती ओळही वाचावी.

मुंबईचं उदाहरण खरं आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना तिथे २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पण कायदा एकच, हे खोटं. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड महापालिका १९९८ ची, ती चालते १९४९ च्या कायद्यावर. मुंबईतल्या लहान घराला जे मिळालं ते सांगलीतल्या गुंठेवारीतल्या दोन खोल्यांना का मिळू नये, हा सवाल मला पूर्ण रास्त वाटतो. तो आमदारांना विचारायचा, कारण हे कायदे विधिमंडळात बदलतात.

राहिलं शेवटचं, नोटीस फाडायचं. मला सर्वात जास्त काळजी याचीच वाटते. बिल थकलं की दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. ६,००० रुपयांच्या थकबाकीवर महिन्याला १२० आणि वर्षाला १,४४० रुपये. अधूनमधून अभय योजना येते आणि शास्ती कमी होते, पण मुद्दल कधी माफ होत नाही. थकबाकीचा बोजा मालमत्तेवर राहतो, तो घर विकताना समोर येतो.

आणि वाढीव मूल्याची खास नोटीस ही नुसती मागणी नसते, ती हरकत घ्यायची संधी असते. तिच्यात मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत लेखी तक्रार दिली तर सुनावणी होते. निकाल पटला नाही तर त्याच १९४९ च्या कायद्याच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं, पण आधी तक्रार केलेली असेल तरच आणि मागणीची रक्कम भरून. नोटीस फाडणाऱ्याने अपिलाचा रस्ताही फाडलेला असतो. क्षेत्रफळ जास्त लागलंय, पत्रा असताना स्लॅब धरलाय, स्वतः राहतो तिथे भाडेकरू दाखवलाय, असं काहीही असेल तर ते सांगायची जागा ही सुनावणी आहे. ग्रुपवर कितीही ओरडलं तरी त्यातला एक चौरस फूट कमी होत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंनी नोटीस फाडली नव्हती, देव्हाऱ्याखाली ठेवली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "आरं, टीव्हीवरच सांगितलं की दोन घरं माफ. माझं तर एकच हाय." वरच्या खोलीत भाडेकरू आहे असं नोटिशीत होतं. तो दोन वर्षांपूर्वीच गेला, पण हे कुणी कळवलंच नव्हतं. भाड्याने दिलेल्या जागेचं मूल्य वेगळं धरतात, त्यामुळे आकडा फुगला होता. मुदत संपायला तीन दिवस बाकी होते. एका पानाचा अर्ज लिहिला, सोबत वीजबिल आणि मागच्या वर्षीची पावती जोडली, दोन प्रती काढल्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला. आता ती प्रत देव्हाऱ्याखाली आहे. सुनावणीची तारीख आली की काकूंबरोबर मी जाणार आहे.