सिनेमा चालतो, मग गाण्यांची सीडी का अडते? पारोळ्याच्या वाचकांना उत्तर

भाऊ, राम राम.

तुमची प्रतिक्रिया रागाची आहे आणि तो राग रास्त आहे, कारण पैसे तुमचे गेलेत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एमपी३ वाजवणाऱ्या स्वस्त डीव्हीडी प्लेअरच्या तुलनेत मी पहिला ठरवलेला प्लेअर तुम्ही घेतला. त्यावर सिनेमाची डीव्हीडी स्वच्छ चालते. पण घरी भरलेली, आपल्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाच्या गाण्यांची सीडी टाकली की कधी ‘नो डिस्क’ येतं, कधी सीडी सुरू होते आणि शेवटच्या दहा-बारा गाण्यांत अडकते. तीच सीडी शेजारच्या जुन्या प्लेअरवर सुरळीत वाजते. म्हणजे लेझर चांगला, सॉफ्टवेअर रद्दी, आणि मी डब्यावर छापलेले फॉरमॅट, म्हणजे चालणाऱ्या फाइलींचे प्रकार, मोजून नंबर दिले, असा तुमचा आरोप. शिवाय पुढे डिस्प्ले नाही ही उणीव मी एका ओळीत उरकली.

डिस्प्लेबद्दल तुम्ही बरोबर आहात, मी चुकलो. सिनेमा बघणाऱ्याचं डिस्प्लेशिवाय अडत नाही, टीव्ही समोर असतोच. गाणी ऐकणाऱ्याचं तसं नाही. कानबाईच्या प्रसादाच्या रोटांची तयारी चालू असताना स्वयंपाकघरात गाणी ऐकू यावीत म्हणून बैठकीतला टीव्ही दिवसभर पेटता ठेवायचा, हे काही खरं नाही. साधा आकड्यांचा डिस्प्ले असला तरी गाण्याचा क्रमांक दिसतो आणि रिमोटवर तो दाबला की गाणं लागतं. फाइलीच्या नावाआधी ००१, ००२ असे आकडे द्यायचे आणि तीच यादी कागदावर लिहून सीडीच्या पाकिटात ठेवायची. १२८ केबीपीएसने (म्हणजे गाण्याच्या दर सेकंदाला १२८ किलोबिट माहिती) भरलेल्या ७०० एमबीच्या सीडीवर साधारण १२ तासांची गाणी मावतात, १९२ ने भरली तर ८ तासांची. एवढ्या गाण्यांतून हवं ते शोधायला ही यादी लागतेच. एक तेवढं बघून घ्या: काही प्लेअर क्रमांक फोल्डरपुरता मोजतात, काही सबंध सीडीचा. डिस्प्लेवाला दुसऱ्या नंबरचा प्लेअर गाण्यांसाठी वर यायला हवा होता. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

पण ‘सिनेमा चालतो म्हणजे लेझर चांगला’ हे मान्य नाही. सगळा घोळ इथेच आहे.

डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, सीडीला ७८० नॅनोमीटरचा, जो डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. दुकानात ज्याला सरसकट ‘लेन्स’ म्हणतात त्या पिकअपमध्ये वर काच एकच दिसते, पण आत लेझर दोन असतात. सीडीचा लेझर मंदावला तरी डीव्हीडी झकास चालत राहते. घरी भरायच्या सीडीआरमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि तो ७८० साठीच बनवलेला असतो. लाल लेझरला त्यावरून पुरेसा प्रकाश परत मिळत नाही, म्हणून सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरवर सीडीआर चालतच नसे. पुसून पुन्हा भरता येणारी सीडीआरडब्ल्यू आणखी अवघड. कारखान्यात छापलेली सीडी पडलेल्या प्रकाशापैकी ७० टक्क्यांच्या आसपास परत पाठवते, सीडीआरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के.

म्हणून खात्री करायची तर तीन चकत्या घ्या: बाजारातली छापील ऑडिओ सीडी, एक सीडीआर, एक सीडीआरडब्ल्यू. तिन्ही प्रत्येकी पाच वेळा आत-बाहेर करा. लेझर मंद असेल तर आधी सीडीआरडब्ल्यू नाकारली जाते, मग सीडीआर कधी घेतली जाते कधी नाही, आणि छापील सीडी सगळ्यात शेवटी बंद पडते. तुमचं ‘कधी नो डिस्क, कधी चालू’ हे मधल्या पायरीचं लक्षण दिसतं. सॉफ्टवेअरचा दोष असता तर तीच सीडी दर वेळी एकाच जागी, एकाच तऱ्हेने अडली असती.

नव्या प्लेअरमध्ये हे असेल तर उघडू नका, वॉरंटीत बदलून मागा. जुना असेल तर आधी काच पुसा. आपल्याकडे मे महिन्यातली धूळ आणि जिनिंगच्या भागातला कापसाचा तंतू काचेवर बसतो आणि स्वयंपाकघराजवळ ठेवलेल्या प्लेअरवर फोडणीचा तेलकट थरही चढतो. कानकाडीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल नुसतं ओलसर लावायचं आणि काचेवर दाब न देता गोल फिरवायचं. काच बारीक तारांवर तरंगत असते, दाबली की कायमची वाकडी होते. पिकअपच्या बाजूला बारीक स्क्रूसारखे प्रीसेट दिसतील, ते फिरवून लेझर ‘वाढवून’ देणारे कारागीर भेटतात. तसं करू देऊ नका. लेझरमधून जास्त करंट जातो, आठ-पंधरा दिवस सगळं छान चालतं आणि मग तो कायमचा जातो. त्यापेक्षा पिकअप बदलणं बरं. स्वस्त प्लेअरमध्ये सॅन्योचा एसएफ-एचडी६२ इतका सर्रास असतो की तो सहज मिळतो. नव्या पिकअपच्या पट्टीवर स्थिर विजेपासून बचावासाठी कथिलाचा एक ठिपका मुद्दाम जोडलेला असतो. चपटी केबल बसवल्यावर तो काढायचा राहिला तर नवा पिकअपही ‘नो डिस्क’च दाखवतो आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

शेवटची गाणी अडकतात त्याचं कारण वेगळं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी कडेला असतात. बोटांचे डाग तिथेच, ओरखडे तिथेच, आणि चकती जराशी वाकलेली असेल तर डगमगही कडेलाच जास्त. पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या काचेमागे सीडी राहिली आणि पारा ४४-४५ वर गेला की वाकायला वेळ लागत नाही. वर चिकटवलेलं कागदी लेबल एका बाजूला सरकलं असेल तरी तोल जातो. सपाट काचेवर सीडी ठेवून कडेने डोळा लावून बघा, फट लगेच दिसते.

शेजारच्या प्लेअरवर तीच सीडी वाजते याचं उत्तर यातच आहे. त्याचा सीडी-लेझर ताजा असेल, तर कडेच्या डागांवरूनही तो वाचून नेतो. दोष थोडा चकतीत, थोडा प्लेअरमध्ये असतो, आणि दोन्ही एकत्र आले की गाणं अडतं.

अनेकांना पडणारं एक कोडंही इथेच सुटतं: तेवढेच ओरखडे असलेली ऑडिओ सीडी वाजते, मग एमपी३ सीडी का थांबते? ऑडिओ सीडीत एखादा तुकडा वाचता आला नाही तर प्लेअर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने तो भरून काढतो, आपल्याला फार तर टिक ऐकू येते. एमपी३ म्हणजे संगणकाची फाइल, तिथे अंदाज चालत नाही. म्हणून डेटा सीडीत दुरुस्तीची माहिती जास्त भरलेली असते, पण तीही कमी पडली की प्लेअर पुन्हा पुन्हा वाचू पाहतो, घुर्र घुर्र करतो आणि शेवटी गाणंच सोडून देतो.

आता फॉरमॅट मोजल्याचा आरोप. यादी मी छापली हे खरं, पण क्रमांक तिच्यावर दिले नव्हते. या किमतीतल्या बऱ्याच प्लेअरमध्ये मीडियाटेकची एमटी१३८९ जातीची नाहीतर सनप्लसची चिप असते, त्यामुळे डब्यावरची यादी जवळपास सारखीच. फरक पडतो तो आतल्या पिकअपमुळे आणि कंपनीने फोल्डर कसे दाखवलेत त्यामुळे. तुम्ही ‘एकच नाव सांगा’ म्हणता, पण एकाच मॉडेलच्या नावाखाली पुढच्या खेपेत बोर्ड बदललेला निघतो. म्हणून जळगावात गोलाणी मार्केटला जा की धुळ्याच्या आग्रा रोडला, खिशात आपली चाचणी सीडी असू द्या. दुकानदार दाखवतो ती छापील चकती कुठेही चालते, तिने काही कळत नाही.

चाचणी सीडी अशी भरा. कोरी ७०० एमबीची सीडीआर, ५२एक्स वेगाची असली तरी १६ किंवा २४एक्सने राइट करा आणि सत्र बंद करा, म्हणजे फायनलाइज करा. उघडं सत्र संगणकाला दिसतं, प्लेअरला दिसेलच असं नाही. आत एक गाणं १२८ चं, एक ३२० चं, एक व्हीबीआर, म्हणजे बदलत्या केबीपीएसचं. एका गाण्याला मोठं मुखपृष्ठचित्र जोडलेलं ठेवा, त्यावर काही प्लेअर पाच-सहा सेकंद मुके बसतात. एका फाइलीचं नाव देवनागरीत ठेवा. ते चौकोन किंवा रेघांसारखं दिसेल, पण गाणं वाजायला हवं. एक फोल्डर तीन पातळ्या आत. एक मिनिटाची शांत फाइल घाला आणि ती वाजताना अ‍ॅम्प्लिफायर मोठा करा. मोटरची घरघर आणि गुणगुण तेव्हाच कळते. सीडी पूर्ण भरा. उलटून बघितल्यावर राइट झालेल्या भागाची छटा वेगळी दिसते, ती कडेजवळपर्यंत आलेली हवी. शेवटचं गाणं लागलं, मधेच पुढे-मागे करता आलं आणि सीडी टाकल्यापासून अर्ध्या मिनिटात पहिलं सुरू झालं, तर प्लेअर घ्यावा. यूएसबी असेल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनेच फॉरमॅट करून न्या.

तुमच्या सीडीबद्दल मला एक शंका आहे. कानबाईची गाणी घरच्या कॅसेटवरून उतरवलेली असतील, तर बरेच जण जागा वाचवायला २२.०५ किलोहर्ट्झ, ६४ केबीपीएस, मोनो असं ठेवतात. मोबाइलवर ते वाजतं, काही प्लेअर मात्र अशी फाइल वगळतात. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १२८ केबीपीएसने पुन्हा बनवा. मूळ कॅसेट अजून असेल तर तिच्यावरूनच उतरवा, आधीच दाबलेल्या फाइलीवरून नको. आणि कृपा करून ती गाणी एकाच सीडीवर ठेवू नका. आई-मावशींच्या आवाजातली ही गाणी बाजारात परत मिळायची नाहीत, आणि सीडीआरचं रंगद्रव्य उन्हाने उडतं. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी.

तर आधी तीन चकत्यांची परीक्षा करा आणि तिन्हींपैकी कोणती किती वेळा नाकारली गेली तो आकडा इथेच लिहा. सीडी सुरू होताना डिस्क फिरली की समोरचा दिवा मंद होतो का, किंवा प्लेअर बंद होऊन पुन्हा चालू होतो का, तेही सांगा. तसं होत असेल तर पिकअपला हातच लावायचा नाही. पॉवर सप्लायमधला पाच व्होल्टच्या लाइनवरचा कपॅसिटर फुगलेला असणार. बहुधा १००० मायक्रोफॅरडचा असतो, तो तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्ट, १०५ अंशांचा घालून घ्या.