नागपूरचं प्रशिक्षण वैनगंगेच्या काठापर्यंत येऊ द्या

देशाला नागरी संरक्षण शिकवणारं राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ साली नागपुरात सुरू झालं. अग्निशमनाचं राष्ट्रीय महाविद्यालयही नागपुरातच, आणि आता एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमीही तिथंच. देशभरातली माणसं पुरातून माणूस कसा काढायचा हे शिकायला आपल्या विदर्भात येतात. आणि भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या नदीकाठच्या गावात ग्रामपंचायतीकडे एक लाइफ जॅकेट नाही, धड दोर नाही. याचा मला मनापासून राग येतो.

१९६८ चा नागरी संरक्षण कायदा झाला तो युद्ध डोळ्यांपुढे ठेवून. शहरं, बंदरं, मोठे कारखाने वाचवायचे होते. २००९ च्या दुरुस्तीनं त्यात आपत्तीही आली. पण ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झाली, तेव्हा टीव्हीवर सायरन आणि ब्लॅकआउटच दिसले. ती तयारी हवीच, सीमेवरचा ताण खरा होता. पण पुराची अशी रंगीत तालीम आमच्या काठावर मी कधी पाहिली नाही.

नरखेड तालुक्यातलं मोवाड आठवा. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात २०४ माणसं गेली. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी वैनगंगेत उतरलं आणि भंडारा शहरासकट काठची गावं बुडाली. असं पाणी वरच्या धरणातून सुटतं आणि खाली पोचायला काही तास घेतं. जीव वाचायचे ते त्याच तासांत. एनडीआरएफची बटालियन पुण्याला, राज्याच्या अशाच दलाची, एसडीआरएफची, तुकडी नागपूरला. जवान जिवावर उदार होऊन काम करतात, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण रस्ता पाण्याखाली गेल्यावर तेही लगेच कसे पोचणार? तोवर दवंडी देणारा कोतवाल, पोलीस पाटील आणि गावची पोरं, एवढीच आमची यंत्रणा.

आणि आमचे मासेमारी करणारे ढिवर बांधव! नदी कुठं खोल, धार कुठं ओढते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. पूर आला की आधी त्यांचेच डोंगे पाण्यात उतरतात, अंगावर साधं जॅकेटही नसताना. सरकारची ‘आपदा मित्र’ योजना आहे, स्वयंसेवकांना प्रशिक्षण मिळतं. ते प्रशिक्षण आधी या माणसांना द्या. त्यांना विमा द्या, जॅकेट द्या, आणि बुडालेल्या माणसाची छाती कशी दाबायची आणि तोंडानं श्वास कसा द्यायचा तेही शिकवा. नागपूरचे प्रशिक्षक उन्हाळ्यात, नदी शांत असताना, काठावर आले तर दोघांनाही एकमेकांकडून शिकता येईल.

मोबाईलवर इशारा येतो, मान्य. पण पावसात लाइट गेली की टॉवरही बंद पडतो, मग त्या इशाऱ्याचा काय उपयोग? गावाला हातानं फिरवायचा भोंगा हवा. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी तो कुणी वाजवायचा, त्या माणसाचं नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हवं.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. काठावरच्या इतर गावांनीही द्यावा. ठरावाची प्रत तहसीलदारांकडे आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे पाठवा, पोच घ्या. अर्जाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.