यादीतून गेलेल्या बायका कुठे गेल्या?

‘फुकट पैसे दिले की माणसं आळशी होतात. अमेरिकेने ९६ साली मदत आवळली आणि सगळे मुकाट कामाला लागले.’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आज सविस्तर लिहितेच.

अमेरिकेत १९३५ पासून लेकुरवाळ्या गरीब कुटुंबांना रोख मदत मिळत होती. २२ ऑगस्ट १९९६ रोजी क्लिंटन यांनी सही केली आणि तो हक्क संपला. त्या जागी ‘टॅनफ’ ही तात्पुरत्या मदतीची योजना आली. केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात जास्तीत जास्त ६० महिने मदत, तीही कामाच्या अटीवर. राज्यांना मिळून वर्षाला साधारण साडेसोळा अब्ज डॉलर. निषेध म्हणून पीटर एडलमन यांनी क्लिंटन सरकारातलं पद सोडलं.

काही वर्षांतच लाभार्थी निम्म्याहून कमी झाले आणि योजना यशस्वी ठरली. माझा आक्षेप इथेच आहे. यादी छोटी करणं सरकारच्या हातात असतं, त्यासाठी गरिबी कमी व्हावी लागत नाही.

हे शहरातल्या गरीब वस्तीत कसं घडतं ते बघा. बाई एकटी, पदरी दोन मुलं. कामं शहराबाहेरच्या उपनगरांत गेलेली, तिथे जायला दोन बस बदलायच्या. मूल तापाने फणफणलं म्हणून कार्यालयातली ठरलेली भेट चुकली, की मदत कापली. पुन्हा अर्ज, पुन्हा कागद, पुन्हा खेटे. एक दिवस ती जायचंच सोडते. सरकारी तक्त्यात तिचं प्रकरण ‘बंद’. तिला नोकरी लागली, की ती बहिणीच्या घरात जमिनीवर झोपते, हे त्या तक्त्यावरून कळत नाही. ना पगार, ना मदत अशा आया संशोधकांना पुढे सापडत गेल्या. माझ्या मते या सुधारणेचा हिशेब त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया, मायामी आणि लॉस एंजेलिस या महानगरांच्या भागात एमडीआरसी या संस्थेने काही वर्षं अभ्यास केला. वस्त्या उद्ध्वस्त होतील ही भीती तिथे खरी ठरली नाही. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या, पण बहुतेक नोकऱ्या तुटपुंज्या पगाराच्या होत्या. शिवाय काळ तेजीचा होता, २००० मध्ये बेरोजगारी ४ टक्क्यांच्या आसपास होती आणि कमी पगारवाल्यांची करसवलत १९९३ मध्येच वाढवलेली होती. श्रेय कशाला किती द्यायचं, हे अर्थतज्ज्ञांनाही नेमकं वेगळं काढता आलेलं नाही.

खरी परीक्षा २००८ च्या मंदीत झाली. बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली. अन्नमदत घेणारे झपाट्याने वाढले, कारण ती योजना गरजेबरोबर फुगते. टॅनफची यादी मात्र जेमतेम हलली. १९९६ मध्ये दर १०० गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती, २०२० मध्ये फक्त २१. साडेसोळा अब्जांचा आकडा महागाई कितीही वाढली तरी जागचा हलला नाही. त्यातलाही मोठा भाग राज्यं भलतीकडे वळवतात. मिसिसिपीत तर गरिबांच्या या निधीतून विद्यापीठाचं व्हॉलीबॉल संकुल बांधलं गेलं! हे वाचलं तेव्हा माझा संताप झाला, अजूनही होतो. ठरलेली भेट चुकली म्हणून आईची मदत कापणारी व्यवस्था इथे कुठे होती?

आणि ‘फुकट पैसे दिले तर काय होतं’ याचं उत्तरही अमेरिकेतच मिळालं. २०२१ मध्ये सहा महिने बहुतेक कुटुंबांना दर मुलामागे महिन्याला २५० ते ३०० डॉलर थेट दिले गेले, कामाची अट न घालता. सरकारी मदत धरून मोजलेली बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली. मुदत वाढवली नाही. २०२२ मध्ये बालगरिबी १२.४ टक्के झाली.