पाचनईची वाट, म्युनिकहून

पावसाळा तोंडावर आला की आपल्या ट्रेकरमंडळींत तोच वाद पेटतो: जागांची नावं नेटवर टाकू नका, देवकुंड धबधब्याची जत्रा तुमच्यासारख्यांनीच केली. तुमच्यासारखे म्हणजे विकिव्हॉयेजवर फुकटात प्रवासाची माहिती लिहिणारे. अहो, जत्रा केली रीलने. रीलमध्ये धबधबा असतो, वाट नसते.

हरिश्चंद्रगडाचं घ्या. नकाशात माथ्यावर खूण टाकली की गाडी कुठल्या पायथ्याला न्यायची हे ॲप ठरवतं. पाचनईहून दोन-अडीच तासांची सोपी वाट. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे चार-पाच तास. बेलपाड्याहून नळीची वाट, तिच्या नादी जाणत्या माणसाशिवाय लागूच नये. म्हणून खूण पायथ्याची द्यायची, तीही प्रत्येक वाटेची वेगळी. दशांशचिन्हापुढे चार आकडे असले तर फरक १०-११ मीटरचा. दोनच असले तर किलोमीटरभर. अक्षांश-रेखांश उलटे पडले तर गड थेट आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या बेअर बेटाच्या दक्षिणेला समुद्रात. 'जवळच', 'स्वस्त', 'नयनरम्य' दिसले की खोडायचे. त्याऐवजी लिहायचं: धुक्यात कोकणकड्याची धार दिसत नाही, पालथं पडूनसुद्धा डोकावू नका. जागा लपवणारे हे वाक्य कुठे लिहिणार?

इकडे बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या बव्हेरियात, डोंगरवाटेच्या पिवळ्या पाटीवर अंतर तासांत लिहिलेलं असतं. शेजारी काळा ठिपका, म्हणजे अवघड वाटेची खूण, दिसला की माणूस मुकाट मागे फिरतो. आपल्याकडे दगडावर चुन्याचा बाण, आणि बाणापेक्षा मोठं ग्रुपचं नाव. आता कोणी विचारेल, इथल्या क्योनिगसे तळ्याच्या वरची ती धबधब्याची कुंडं २०२१ साली बंद करावी लागलीच ना? लागली. फोटोंपायीच लागली. पण गर्दी तिथेही झाली, पाट्या असून झाली, म्हणून हे उदाहरण मी एरवी काढत नाही.

मालक कंपनीशी बिनसल्यावर विकिट्रॅव्हल या आधीच्या अशाच संकेतस्थळाचे बरेच लिहिणारे उठले आणि जानेवारी २०१३ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या छताखाली, विकिव्हॉयेजवर, आले. परवाना मुक्त होता म्हणून मजकूर सोबत नेता आला. हिंदीला, बंगालीला तिथे स्वतःची आवृत्ती आहे. मराठीला नाही. 'खिंड', 'घळ', 'नाळ' यांतला फरक मी इंग्रजीत समजावत बसतो, तोही म्युनिकमध्ये बसून, आणि गावच्यांना वर अक्कल शिकवतो.

नोंदीत शेवटी एक रकाना असतो: माहिती कधी पडताळली. इथल्या डोंगरातल्या हटमधल्या (मुक्कामाच्या झोपडीतल्या) सूपचा भाव बदलला तर पुढच्या शनिवारी मला कळतो, तारीख टाकता येते. राजूरहून पाचनईला जाणाऱ्या एसटीची वेळ फोनवर विचारता येते, पण विचारणं म्हणजे पडताळणं नव्हे. त्या ओळीपुढे मी २०१६ तसंच ठेवलंय. त्यानंतर राजूरच्या स्टँडवर मी उभा राहिलेलो नाही.