माहिती मिळते, पण ३१ मार्चपुरती

लेख आवडला, पण ‘भारतीय कंपनीकडे किती क्रिप्टो आहे हे भागधारकाला कळायची सोयच नाही’ हे वाक्य खटकलं. कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मध्ये (ताळेबंद कसा मांडायचा, याचे नियम) मार्च २०२१ला दुरुस्ती झाली. ताळेबंदाच्या तारखेला हातात किती क्रिप्टो, व्यवहारात नफा-तोटा किती, आणि त्यासाठी कुणाकडून ठेवी किंवा आगाऊ रक्कम घेतली का, एवढं हिशेबाच्या टिपांमध्ये लिहावंच लागतं. मी वार्षिक अहवाल मागच्या पानांपासूनच वाचतो (पुढे अध्यक्षांचे फोटो असतात). बहुतेक ठिकाणी एकच ओळ: कंपनीने क्रिप्टोत व्यवहार केलेला नाही. संपलं.

खरी गोम तारखेत आहे. ३१ मार्चला शून्य म्हणजे जानेवारीतही शून्य, असं थोडंच आहे? नफा-तोट्याच्या आकड्यावरून व्यवहार झाला एवढं समजेल, पण कधी, कितीला आणि नाणी खर्चायच्या डिजिटल चाव्या कुणाकडे, हे नाही.

अमेरिकेत मायक्रोस्ट्रॅटेजी (आता नुसतं स्ट्रॅटेजी) ही बिटकॉइन साठवणारी कंपनी खरेदीचा आकडा आणि सरासरी भाव वेळोवेळी नियामकाकडे जाहीर करते. बाजारभावाने नोंदीचा नियम लागू झाल्यावर २०२५च्या पहिल्या तिमाहीत सुमारे ५.९ अब्ज डॉलरचा कागदी तोटा दिसला, आणि लगेच दुसरीत सुमारे १४ अब्जांचा कागदी नफा! तरीही वॉलेटचे पत्ते (ज्यांवरून त्यातली नाणी कुणालाही पाहता येतात) जाहीर करायला कंपनीचे सहसंस्थापक मायकेल सेलर तयार नाहीत. सुरक्षेचं कारण देतात. मला ते अर्धंच पटतं. पत्ते नका देऊ, पण लेखापरीक्षकाने नाणी नेमकी कशी तपासली, हे दोन ओळीत सांगायला काय हरकत आहे?