खुलासा : तो रोबो-हात नेमकं काय शिकला?
ओपनएआयच्या रोबो-हाताचा 2019 चा व्हिडिओ पुन्हा फिरतोय. सोबत मजकूर : ‘न्यूरल नेटवर्क रुबिक क्यूबचं कोडं आपोआप सोडवायला शिकलं.’ (न्यूरल नेटवर्क म्हणजे सरावातून शिकणारी संगणक-प्रणाली.) हे चूक आहे. कोणती बाजू कधी फिरवायची, हे क्यूब सोडवण्याच्या कोसिएम्बा यांच्या जुन्याच अल्गोरिदमनं, म्हणजे ठरावीक पायऱ्यांच्या पद्धतीनं, ठरवलं होतं. नेटवर्क शिकलं ते बोटं हलवायला. आणि खरं कौतुक त्याचंच व्हायला हवं! संगणकातल्या आभासी हातावर, क्यूबचा आकार, घर्षण असं सगळं सतत बदलत, सुमारे 13,000 वर्षांइतका सराव झाला; मग ते कौशल्य खऱ्या हातात उतरलं. रबरी हातमोजा चढवला, दोन बोटं बांधली, तरी हात क्यूब फिरवत राहिला. यश मात्र 60 टक्के वेळाच मिळालं, सर्वांत अवघड मांडणीत तर 20 टक्केच.