‘अडाणी’ या शब्दाबद्दल: साक्रीच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात तुम्ही जन्मभर मास्तरकी केलीत आणि अफवांवरच्या माझ्या लेखात त्याच तालुक्यातल्या राईनपाड्याच्या लोकांचा उल्लेख ‘अडाणी जमाव’ असा आला. त्यावर तुम्ही लिहिलंत, की पुण्यात बसणाऱ्यांना दोष द्यायला खेडंच बरं सापडतं. ‘पैसा कमावणारी व्हॉट्सॲप कंपनी आणि झोपलेलं सरकार सोडून तुम्ही संस्कारांचे धडे आम्हाला देता,’ असंही. सत्तरीच्या आजीने मेसेज खरा की खोटा हे ओळखायचं कसं, असंही विचारलंत. आणि शेवटी, ‘बाई, तुम्ही स्वतः तुमच्या ग्रुपवर कुणाला कधी टोकलंय का?’

‘अडाणी’ शब्द चुकलाच. १ जुलै २०१८ला, बाजाराच्या रविवारी, राईनपाड्यात मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं गेलं. पण त्याआधी मे महिन्यात बंगळूरच्या चामराजपेठेत, भर शहरात, याच संशयावरून एका माणसाचा जीव गेला होता. तिथे अडाणीपणाचं कारण कुणी दिलं नाही. मी तो शब्द वापरला, कारण त्याने मी आपोआप गुन्ह्याच्या बाहेर पडत होते.

कंपनीबद्दलही तुमचं बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर ‘फॉरवर्डेड’ ही खूण आली जुलै २०१८मध्ये, राईनपाड्यानंतर. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादाही त्याच महिन्यात जाहीर झाली, आणि खूप फिरलेला मेसेज एकाच ठिकाणी जाईल हे बंधन यायला एप्रिल २०२० उजाडला. म्हणजे वेग कमी करणं जमत होतं, फक्त आधी माणसं मरावी लागली. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

मात्र सगळं यंत्रावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. २१ सप्टेंबर १९९५ आठवतोय ना? गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली, तेव्हा क्वचितच कुणाच्या खिशात मोबाइल होता. मी चमचा घेऊन रांगेत उभी होते! फरक असा, की ती अफवा देवळात जाऊन डोळ्यांनी बघता येत होती, आणि त्याच दिवशी शास्त्रज्ञांनी पृष्ठताण समजावून सांगितला. शिवाय त्या गोष्टीत कुणी खलनायक नव्हता. दूध वाया गेलं, एवढंच.

२०१८च्या गोष्टीत खलनायक आयता मिळाला: दारावर येणारा परका माणूस. त्या उन्हाळ्यात फिरलेला, रस्त्यावरचं मूल उचलून नेणाऱ्या दोन मोटारसायकलवाल्यांचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तो कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. हे आजीला कळणार नव्हतं, मलाही कळलं नाही. मी तो ‘काळजी घ्या’ असं वर लिहून घरच्या ग्रुपवर टाकला.

हे लेखात नव्हतं, आता सांगते. माझ्या नणंदेच्या गल्लीत एक बोहारीण वर्षानुवर्षं यायची. जुने कपडे घेऊन भांडी देणारी. घासाघीस, चहा, सुनेची चौकशी, सगळं ठरलेलं. त्या जूनमध्ये ती आली तेव्हा चार बायकांनी तिला अडवलं आणि तिचं गाठोडं रस्त्यात सोडायला लावलं. आत साड्या आणि दोन स्टीलचे डबे. कुणी हात उगारला नाही. ती गाठोडं बांधून गेली, पुन्हा आली नाही. दिवाळीत नणंदेने हे हसत हसत सांगितलं. मेसेज एकट्या माझ्यामुळेच पोचला असं नाही, चार ठिकाणांहून आला असेल. पण त्यात एक ठिकाण मी होते, आणि मीही हसले.

वासुदेव, नंदीबैलवाला, डवरी, बोहारीण. यांना ओळखण्याची एक रीत आपल्याकडे होती. परका, पण ठाऊक असलेला परका. शंका आली तर तोंडावर विचारायचे, ‘कुठल्या गावचे रे बाबा?’ आणि बातमी आणणाऱ्यालाही, ‘तुला कुणी सांगितलं?’ मेसेजच्या खाली मात्र आपण लिहितो, ‘जसा आला तसा पाठवला.’ पोस्टमनही एवढं बोलून मोकळा होत नाही. त्याच्या शिक्क्यावर निदान गावाचं नाव असतं.

आजीने पडताळणी करावी असं माझं म्हणणं नाहीच, लेखात ते तसं उमटलं असेल तर माझी मांडणी कच्ची. माझी तक्रार ज्यांना ठाऊक असतं त्यांच्याबद्दल आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शंभरच्या वर माणसं आहेत. खोटा मेसेज आला की त्यातल्या चारपाच जणांना तो खोटा हे लगेच कळतं. तरी कुणी बोलत नाही, कारण टाकणारे काका वयाने मोठे, गणपतीची वर्गणी तेच गोळा करतात, पाण्याच्या टँकरसाठी तेच धावतात. चारचौघांत त्यांना खोटं कसं पाडायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती अफवेचीही बहीण होते. संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला कायद्याने जबाबदार धरता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये सांगितलं आणि मला ते योग्य वाटतं; दुसऱ्याच्या बोलण्यासाठी तिसऱ्यावर खटला नको. पण मग उरतं कोण?

आता तुमचा शेवटचा प्रश्न. एकदाच टोकलंय, गेल्या पावसाळ्यात. काकांनी ‘सावध राहा’ म्हणून एका फेरीवाल्याचा फोटो टाकला, तो चोर आहे असं लिहून. तो आमच्या कोपऱ्यावरचा चादरी विकणारा. आधी खासगीत लिहावं असं वाटलं होतं, पण फोटो सगळ्यांनी पाहिला होता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिलं: ‘काका, मी यांना ओळखते, यांच्याकडून चादरी घेतल्या आहेत. फोटो काढून टाकावा.’ ग्रुपवर सामसूम. खासगीत मात्र तिघांचे अंगठे आले, ‘बरं केलंस’ म्हणून. तासाभराने फोटो गेला. काका लिफ्टमध्ये भेटले तर अजून मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे राहतात. त्यांचा अपमान झाला हे खरं आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं. दुसरी रीत मला सुचली नाही. जन्मभर वर्ग सांभाळलेल्या माणसाला सुचत असेल तर जरूर लिहा.

घरच्या ग्रुपवर तो जुना व्हिडिओ खोटा होता, हेही काल लिहिलं. इतक्या वर्षांनी. नणंदेने विचारलं, ‘कुठला व्हिडिओ?’

मूळ लेखातला ‘अडाणी’ हा शब्द खोडला आहे, पुसलेला नाही. रेघेखाली तो वाचता येईल. शेजारी आजची तारीख आणि ‘साक्रीच्या एका शिक्षकांनी चूक दाखवली’ अशी नोंद आहे. नाव घालायचं असेल तर कळवा.